तालपुट नटगामणी आणि आंबेडकरी जलसा

बुद्धाच्या धम्मात गाण्या-नाचण्याला स्थान नाही, असे मत आपल्याकडे अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते मांडणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. पहिले धम्माचे टीकाकार. बौद्ध धम्म हा रूक्ष, जीवनविन्मुख आणि कलाहीन धर्म आहे, असे त्यांना सिद्ध करावयाचे असते. दुसरे आपलेच उपासक असतात. जयंतीच्या रात्री विहाराच्या आवारात ढोलकी वाजू लागली की त्यांना संकोच वाटतो आणि अष्टशीलातील सातव्या शीलाची आठवण करून दिली जाते. नृत्य, गीत, वाद्य आणि खेळतमाशे पाहणे यांपासून विरत राहण्याचे ते शील आहे, हे खरेच. परंतु ते उपोसथाच्या दिवसापुरते घेतलेले शील आहे. नित्याच्या पंचशीलात त्याचा समावेश नाही, एवढी साधी गोष्टही या वादात पुष्कळदा विसरली जाते.

या वादात पालि साहित्याची साक्ष काढावयाची तर ती पुरती काढली पाहिजे. संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गात गामणिसंयुत्त नावाचा एक विभाग आहे. त्यातील दुसरे सुत्त तालपुट नावाच्या नटगामणीचे, म्हणजे नटांच्या तांड्याच्या प्रमुखाचे आहे. कलाविरोधाचा पुरावा म्हणून बहुधा हेच सुत्त पुढे केले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते नेमके उलट दिशेने वाचावयास हवे. आंबेडकरी जलशाचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून वाचले तर त्याचा अर्थ अधिकच उघड होतो.

प्रसंग राजगृहाच्या वेळुवनातील आहे. तालपुट भगवंतांकडे येतो आणि विचारतो की, आमच्या पूर्वीच्या आचार्यांकडून व त्यांच्याही आचार्यांकडून, नटांच्या परंपरेत, असे ऐकत आलो आहोत की जो नट रंगमंचावर लोकसमुदायापुढे खऱ्या-खोट्याने लोकांना हसवितो, रमवितो, तो मरणानंतर प्रहास नावाच्या देवांच्या सहवासात जन्म घेतो. याविषयी भगवंतांचे काय म्हणणे आहे? भगवंत उत्तर देण्याचे टाळतात. तो दुसऱ्यांदा विचारतो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र भगवंत सांगतात. लोक मुळातच रागातून मुक्त झालेले नसतात, रागाच्या बंधनाने बांधलेले असतात. अशा लोकांपुढे नट राग वाढविणाऱ्या गोष्टीच आणखी आणून ठेवतो. द्वेषाचे तसेच, मोहाचेही तसेच. स्वतः मत्त आणि प्रमत्त होऊन तो दुसऱ्यांना मत्त आणि प्रमत्त करतो. अशा नटाला देवलोक नाही, प्रहास नावाचा नरक आहे. आणि या कामाने स्वर्ग मिळतो अशी दृष्टी बाळगणे ही मिथ्यादृष्टी होय.

हे ऐकून तालपुट रडू लागतो. भगवंत म्हणतात की म्हणूनच मी उत्तर देत नव्हतो. येथेच सुत्ताचा कळीचा भाग येतो. आपल्याला नरक मिळणार या भीतीने आपण रडत नाही, असे तालपुट स्पष्ट सांगतो. दीर्घकाळ पूर्वीच्या आचार्यांनी, त्या आचार्यांच्या आचार्यांनी आपल्याला फसविले, ठकविले, भुलविले, म्हणून तो रडतो.

हे अश्रू पश्चात्तापाचे नाहीत, ते एका फसविल्या गेलेल्या माणसाचे आहेत. ही फसवणूकही एका व्यक्तीने केलेली नाही. एका पेशाला पिढ्यानुपिढ्या सांगितले गेले की तुम्ही हेच करीत राहा, यातच तुमचे कल्याण आहे, मेल्यावर तुमची सोय आहे. गामणिसंयुत्तातील पुढची सुत्ते याच साच्याची आहेत. तिसऱ्या सुत्तात योद्ध्यांचा गामणी येतो. युद्धात झुंजत मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो असे त्यालाही त्याच्या आचार्यांनी सांगितलेले असते. त्याच्यामागून हत्तीवरचा आणि घोड्यावरचा योद्धा येतात. प्रश्न तोच, तीन वेळा विचारणे तेच, आणि रडणेही तेच. प्रत्येक पेशाला त्याचा त्याचा स्वर्ग नेमून दिलेला आहे आणि तो नेमून देणारे परंपरेचे अधिकारी आहेत. सुत्तांत वर्णांचे नाव नाही, तेव्हा नसलेले त्यांत घालू नये. परंतु वाडवडिलांच्या पेशाला परलोकाचे आमिष लावून माणसाला त्याच जागी खिळवून ठेवण्याची जी युक्ती या देशात पुढे शास्त्र बनली, तिच्यावर येथे बोट ठेवले आहे, हे कोणाही मराठी वाचकाला सांगावे लागू नये.

भगवंतांचा आक्षेपही नीट पाहावा. अभिनय करणे, गाणे, हसविणे हे स्वतःच अकुशल आहे असे ते म्हणत नाहीत. रंगमंचावरून प्रेक्षकांच्या मनात काय पेरले जाते, हा त्यांच्या परीक्षेचा निकष आहे. राग, द्वेष आणि मोह वाढतात की कमी होतात, एवढाच प्रश्न आहे. दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व बेलुवपण्डु वीणा वाजवून गातो. त्याच्या तारांचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांशी किती जुळतो, याची भगवंत प्रशंसा करतात. आणि ते गीत तर चक्क एक प्रेमगीत आहे! विनयाच्या चुल्लवग्गात भिक्खूंनी धम्म लांब आलापीच्या गायनस्वरात म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत, पण तेथेच लगेच सरभञ्ञ म्हणजे स्वरयुक्त पठणाला अनुज्ञा दिली आहे. स्वराला हरकत नाही. स्वर आपल्यावरच लुब्ध होऊन अर्थ विसरतो, त्याला हरकत आहे. आपल्या आजच्या काही गायनपार्ट्यांनीही हा भेद मनावर घ्यावा, असे जाता जाता सुचविल्यावाचून राहवत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. तमाशा हा मराठी मुलखातील जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या समाजांनी जोपासलेला कलाप्रकार. महार, मांग, कोल्हाटी यांच्या गळ्यावर आणि पायांवर तो उभा राहिला. पेशवाईत त्याला आश्रय मिळाला. आश्रयाबरोबर आश्रयदात्याची रुचीही आली. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग ही त्याची बांधणी ठरली. गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, वेसकरकी, निरोप पोहोचविणे ही जशी वाट्याला आली, तसेच गावाला रिझविणेही वाट्याला आले. कलावंताला टाळी मिळे, दौलतजादा मिळे. पाणवठा मिळत नसे. ज्या स्त्रीची लावणी रात्रभर ऐकावयाची तिच्या सावलीचा विटाळ सकाळी मानावयाचा, हा व्यवहार आपल्या संस्कृतीत दीर्घकाळ निर्वेध चालला. हा प्रहासदेवांचा स्वर्ग होता. कलावंतालाही तो स्वर्गच वाटावा, अशी तजवीज होती.

या स्वर्गाला पहिला धक्का सत्यशोधकांनी दिला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. नाट्याच्या माध्यमाची शक्ती जोतीरावांनी त्याहूनही आधी ओळखली होती. ‘तृतीय रत्न’ हे त्यांचे नाटक १८५५ चे आहे. पुढे सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले आणि भटशाहीची पोलखोल गावोगावी केली. निरक्षर शेतकऱ्यापर्यंत जावयाचे तर त्याच्या ओळखीच्या वाटेने गेले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

आंबेडकरी जलसा याच वाटेने पुढे आला, पण त्याचा प्रश्न अधिक अवघड होता. सत्यशोधक जलसाकार तमाशाचा साचा एक साधन म्हणून उचलीत होते. आंबेडकरी जलसाकारासाठी तो केवळ साचा नव्हता. तो त्याच्या घरचा, त्याच्यावर लादलेला वारसा होता. या वारशाविषयी बाबासाहेबांची भूमिका किती कठोर होती, ते पठ्ठे बापूरावांच्या प्रसंगावरून दिसते. पठ्ठे बापूराव हे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण, तमाशाच्या वेडाने घर सोडलेले थोर शाहीर. त्यांच्या फडातील पवळाबाई ही महार समाजातील. महाडच्या लढ्याच्या काळात त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकिकत नोंदलेली आहे. आमच्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आमच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, हा त्या नकाराचा आशय. चळवळीला त्या वेळी पैशाची किती निकड होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नकाराचे वजन कळेल.

असे असूनही तमाशाचा साचा मोडून टाकावा असे कोणी म्हटले नाही. १९२७ नंतर महाडची परिषद, चवदार तळे, २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह या घटना एकामागून एक घडत गेल्या. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाले, ‘जनता’ १९३० मध्ये. पण ज्या समाजात अक्षरओळख असणारे मोजकेच, तेथे वृत्तपत्र एका वाड्यात एक येई आणि एकजण वाचून दाखवी. उरलेले काम जलशाने केले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांचा जलसा यांत अग्रेसर होता; विदर्भाकडे पतितपावनदासांसारखे कलावंत होते; मुंबईच्या गिरणगावातील चाळींतून आणखी कितीतरी. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून या कलावंतांची निदान काही माहिती आपल्या हाती आहे. आपल्या दहा सभांचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी कर्डकांच्या जलशाविषयी काढल्याची आठवणही परंपरेने सांगितली जाते.

जलशाने तमाशाचे काय केले, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे. गणात गणपतीचे स्तवन असे. त्या जागी जोतीराव, बाबासाहेब किंवा समाजाचे ऐक्य आले. गौळणीत कृष्णाने गवळणींची वाट अडवावयाची. ती छेडछाड गेली आणि तेथे घरातल्या, गावातल्या माणसांचे संवाद आले. लावणी वगळली. बतावणी मात्र ठेवली, आणि तीच सर्वांत धारदार झाली, कारण सवाल-जवाबाच्या या भागात सोंगाड्याला कोणालाही काहीही विचारण्याची मुभा परंपरेनेच दिलेली होती. जी मुभा पूर्वी पाटलाच्या करमणुकीसाठी होती, ती आता पाटलालाच प्रश्न विचारू लागली. मेलेल्या जनावराचे मांस का खावयाचे? वतनाच्या तुकड्यासाठी गावाची वेठ का करावयाची? पोराला शाळेत का घालीत नाहीस? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले. त्याचा अर्थ कायद्याच्या भाषेत थोड्यांनाच कळला असता. वगातील एखाद्या वेसकराच्या तोंडी तो अर्थ आला की सगळ्या वाड्याला कळे. पुणे करार, येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा, १९३७ ची निवडणूक, सारे काही या मार्गाने गावात पोहोचले.

आणि हसणे होतेच. हे मुद्दाम सांगावयास हवे. गंभीर विषयांच्या आदरापोटी आपण जलशाला प्रवचन समजू लागलो आहोत; तो तसा नव्हता. रात्रीच्या पहिल्या प्रहरी कामावरून थकून आलेले लोक समोर असत. त्यांना हसवता आले नाही तर ते उठून जात. तालपुटाच्या आचार्यांनी हसविण्याला स्वर्गाचे तिकीट म्हटले, भगवंतांनी ते काढून घेतले. पण हसू कोणावर आणि कशासाठी, हे बदलल्यावर काय होते, याचे उत्तर जलशाने दिले. आपल्या अज्ञानावर आणि गुलामीवर हसताना प्रेक्षकाचा मोह वाढत नव्हता, उतरत होता. पूर्वी गाव ज्याला हसे, तोच आता हसविणारा होऊन गावाची रीत उघडी पाडीत होता. समाज बळकट होतो म्हणजे काय होते, याची अमूर्त चर्चा पुष्कळ करता येईल. येथे ते दृश्य रूपात दिसते. ज्या गोष्टीची लाज वाटावयाची तिच्याविषयी चार माणसांत मोठ्याने बोलता येऊ लागले, आणि जी निमूटपणे सोसली ती उद्यापासून करावयाची नाही असे वाड्यातील सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांच्या साक्षीने ठरविले. एकट्याने वृत्तपत्र वाचून हे घडत नाही.

या इतिहासाची एक बाजू आपण अजून मोकळेपणाने लिहीत नाही. जलशातून लावणी गेली, तिच्याबरोबर स्त्रीही गेली. जलशातील स्त्रीपात्रे पुरुष करीत. शोषणाचे साधन म्हणून जिला उभे केले होते तिला त्या जागेवरून दूर करणे योग्यच होते, पण तिच्यासाठी दुसरी जागा जलशाने तयार केली नाही. ज्या कलावंतिणींचे पोट तमाशावर होते, त्या फडातच राहिल्या आणि समाजाच्या नव्या प्रतिष्ठेच्या हिशेबात अडचणीच्या ठरल्या. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा आपल्यातील काहींना तो चळवळीवरचा आक्षेप वाटला. तो आक्षेप नाही, ते राहून गेलेले काम आहे. थेरीगाथेत अम्बपाली आणि विमला या एके काळच्या गणिकांच्या गाथा त्यांच्या नावांनिशी जतन केल्या आहेत. संघाने त्यांना पूर्वायुष्य लपवावयास लावले नाही.

रंगमंच मिळाला नाही तरी स्त्रिया गप्प राहिल्या नाहीत. जात्यावर दळताना त्यांनी बाबासाहेबांवर, रमाईवर आणि बुद्धावर ओव्या रचल्या. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखाहून मोठा संग्रह केला, त्यात या ओव्यांचा स्वतंत्र आणि मोठा भाग आहे. या ओव्यांना प्रेक्षक नव्हता, बिदागी नव्हती. पहाटे जात्याच्या खुंट्याला दोन हात, क्वचित चार, एवढाच तो फड. पुढे गिरणी आली, जाती थांबली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर कलावंतांपुढे वेगळेच काम आले. दीक्षा घेतलेल्या लाखो लोकांना बुद्ध कोण, हे सांगावयाचे होते, आणि सांगणारा महामानव दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला निघून गेला. बुद्धचरित्रे मराठीत त्यापूर्वीही होती. कृष्णराव केळूसकरांचे १८९८ चे होते. बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा लेखकाने तेच त्यांना भेट दिले होते. धर्मानंद कोसंबींचे लेखन होते. पण ती पुस्तके साक्षर मध्यमवर्गाच्या कपाटात होती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. मराठीतून तो लोकांच्या हाती पडावयास आणखी काही वर्षे जावी लागली. मधल्या काळात सिद्धार्थाचे गृहत्याग, अंगुलिमाल, पटाचारा, सुजाता हे वस्त्यांना कळले ते गाण्यांतून. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक हे या कामातील सर्वश्रेष्ठ नाव. मुंबईत मजुरी करताना मोठ्या वयात त्यांनी अक्षरे गिरवली. २००४ मध्ये निधन होईपर्यंत ते गावोगाव हिंडत राहिले. आज पालि शिकावयास येणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना तण्हा हा शब्द समजावताना शिक्षकाला तृष्णेवरच्या एखाद्या भीमगीताचा आधार घेता येतो, तो विद्यार्थी घरून घेऊनच आलेला असतो.

तालपुटाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. तो प्रव्रजित झाला आणि अर्हत झाला. थेरगाथेतील पञ्ञासनिपात सबंध त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, पंचावन्न गाथांचा. त्या गाथांचा बराच मोठा भाग स्वतःच्या चित्ताला उद्देशून आहे. तू मला असे म्हणालास, मग आता का मागे फिरतोस, अशा धाटणीने तो आपल्या चित्ताला उभे करून विचारतो, त्याची कुचेष्टा करतो, त्याला पकडतो. ज्याने आयुष्यभर सवाल-जवाब केले त्या नटाने अरण्यात गेल्यावरही सवाल-जवाबच केले. समोरचा गडी तेवढा बदलला. त्याने रंगमंच सोडला, त्याची कला त्याला सोडून गेली नाही.

या गाथा आपल्यापर्यंत आल्या त्या संगीतीमुळे. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. भिक्खूंनी एकत्र बसून म्हटल्या, पडताळल्या, कोणाच्या म्हणून सांगितल्या, आणि तालपुटाचे नाव त्याच्या गाथांना जोडून ठेवले. जलसाकारांच्या वाट्याला अशी संगीती आली नाही. त्यांच्या पदांच्या वह्या नाशिक, नगर, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबईच्या चाळींतून विखुरल्या. काही पावसात गेल्या, काही रद्दीत. पुष्कळ पदांच्या शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते. पण गाणाराने आपले नाव घालून तेच पद म्हणावयाचे, अशीही रीत असल्यामुळे एकच पद दोन वह्यांत दोन नावांनी सापडावे, यात नवल नाही. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविणे, जुना पाठ कोणता ते ठरविणे, नाव नसलेल्या गाथेला तिचा कर्ता शोधून देणे, हे पालिच्या विद्यार्थ्यांचे रोजचे काम आहे. हेच कौशल्य या वह्यांसाठी लागते. पण त्याआधी वह्या मिळावयास हव्यात. त्या ज्यांच्या ट्रंकेत आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत, आणि त्या वह्यांतील चाली अजून त्यांच्याच गळ्यात आहेत. कागदावर त्या कोठेही उतरलेल्या नाहीत.